चटका का लपवलास, वने?

इकडे ये. अशी दारात थांबू नको, जवळ ये. आज तुला ओरडायचंय, आणि लांबून ओरडलं की शेजारच्या लॉजपर्यंत ऐकू जातं. लोणच्याच्या बरणीचा टवका उडाला तरी “काकी, माझ्या हातून झालं” असं आधी येऊन सांगणारी तू. सहा वर्षं माझ्या खाणावळीत खुर्चीत बसून रांधलंस, भाताच्या वाफेवरून सांगायचीस की अजून दोन मिनिटं हवीत, आणि स्वतःच्या पायाचं तेवढं मला सांगितलं नाहीस? असं करतात का ग, वने?

वीस दिवस झाले तुला जाऊन. काकी भित्री आहे हे तू अख्ख्या मुरुडला सांगायचीस, ते खरंच आहे. तेल तडतडलं की मी मागे सरते, गॅसची नळी दिवसातून चारदा हुंगते. पण ही भीती निराळी आहे. सकाळी स्वयंपाकघराची कडी काढण्याआधी दाराला कान लावते. आत काय असणार? टोप, कढया, भिजत घातलेली आमसुलं. तरी उंबऱ्यात पाय अडखळतो. तुझ्या बुटक्या ओट्याकडे बघायचं नाही असं ठरवून आत जाते आणि पहिलं तिकडेच बघते.

त्यात सोमवारी एक मुलगी येणार आहे, तुझ्या जागेवर बसायला. तिला हो म्हणायचं की नाही, ते मला ठरवायचंय. आज शुक्रवार. मला भीती वाटते ग. तुझ्याशी बोलल्याशिवाय हे सुटायचं नाही, म्हणून लिहायला बसले. माझं शिक्षण तुला माहीत आहे, ऱ्हस्व-दीर्घ तू बघून घे.

तू पहिल्यांदा आलीस ते आठवतं. तुझ्या वहिनीनं तुला चाकाच्या खुर्चीतून ढकलत आणलं होतं. बंदरावर बर्फाची लादी पाठीवर पडली त्याला दोन वर्षं झाली होती, कमरेखाली तुला काही कळत नव्हतं. मी तुला मागच्या पडवीत बसवलं, पुढ्यात कांद्याची पाटी ठेवली आणि मनात म्हटलं, चला, पुण्य झालं. चार दिवस तू कांदे सोललेस. पाचव्या दिवशी म्हणालीस, “काकी, रडायचंच असंल तर मी घरी बसून रडंन. मला चुलीवर घे.”

“चुलीपाशी येणार कशी? दाराला पायरी, आत उभ्याचा ओटा.”

“पायरी कोणी बांधली, देवानं?”

“गवंड्यानं.”

“मग गवंडी जित्ता हाय ना?”

तो ओटा म्हणजे माझा अभिमान होता, वने. सासरी बावीस वर्षं मी जमिनीवरच्या चुलीपाशी उकिडवी बसले. धूर डोळ्यांत, गुडघे पोटात. खाणावळ काढली तेव्हा पहिला हट्ट काय केला, तर कडाप्प्याचा उभ्याचा ओटा. त्याच्यासमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला मी मास्तरीण झाल्यासारखं वाटलं होतं. आणि तू म्हणतेस, त्यातला अर्धा तोड. मी चिडले. म्हटलं, स्वयंपाक उभ्यानं करायचा जमाना आहे. तू विळीकडे बोट दाखवलंस. विळीवर बसून मी भोपळा चिरत होते.

“हिच्यावर कोणी उभ्यानं चिरतो काय? तुझी सासू बसून रांधायची, तवा तिला कोणी अपंग म्हनला? बाईनं जनमभर बसूनच रांधलंन, काकी. आता आता उभी ऱ्हायली, आणि लगेच बसणारीला भायेर काढलंन.”

हरले की मी आमटीचं मीठ चाखायला जाते, तशी गेले.

गवंडी आला. तू खुर्चीत बसलीस, कोपर अंगाशी धरलंस आणि म्हणालीस, त्याच्या दोन बोटं खाली. तो म्हणाला, “काकी, भातुकलीचा ओटा बांधायचा काय?” तू म्हणालीस, “व्हय, आणि तुला जेवायला पन बोळक्यातच वाढीन.” पायरीच्या जागी उतार झाला. ओट्याखालची जागा मोकळी सोडली, तुझे गुडघे आत जावेत म्हणून. सिलिंडर भिंतीबाहेर गेले. वरच्या खिळ्यांना टांगलेले झारे, डाव सगळे खाली आले, आणि तेव्हा मलाच कळलं की इतकी वर्षं मी टाचा उंचावून झारा काढत होते. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू फार फुगली असतीस.

भाजी दिली तुला, सोलकढी दिली, कोलंबीचं कालवण दिलं. भात मात्र देईना. तो आपला मोठा वाद. आपल्याकडे भात वेळायचा, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवून वरची पेज ओतून काढायची. घरचं पातेलं निराळं. खाणावळीचा टोप दोघींनी फडक्यानं धरून कलंडवावा लागतो. उभ्या बाईचा हात सुटला तर ती निदान उडी मारते. बसलेलीच्या मांडीतच सगळी पेज. ती कुठे उडी मारणार? हे चित्र मला भरदिवसा दिसायचं. तू मीठ शोधत असायचीस, आणि मला तुझ्या मांडीवर वाफ दिसायची.

“टोप कलंडवायचाच कशाला?” तू विचारलंस. “खालून तोटी लावू.”

होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याकडे टोप गेला आणि बुडाशी तोटी लागून आला. पहिल्या दिवशी तोटी फिरवली तर थेंब येईना. शितं अडकली. आपण दोघी त्या तोटीत काडी घालतोय, फुंकतोय, आणि वर भात शिजून शिजून त्याचं खिमट झालं. बाहेर पंचवीस पाहुणे पानावर बसलेले. मी रडकुंडीला आले. तू म्हणालीस, “वाढ, आणि सांग का मुरुडची खास डिश हाय.” एका बाईनं तर रेसिपी विचारली. दुसऱ्या दिवशी जुन्या झाऱ्याची चकती कापून तोटीच्या तोंडाशी आतून बसवली आणि पेज धार लावून खालच्या बादलीत पडायला लागली. कुणी काही उचललं नाही, कुणी काही कलंडवलं नाही. माझ्या सुनेचं, सरिताचंही, कंबरदुखीचं रडगाणं त्या महिन्यापासून थांबलं. तुला भात मिळाला.

आणि भात देतानाच मी ते वाक्य बोलले.

“भात तुझा. पण एक चटका दिसला की चूल बंद. सरळ पडवीत, कांद्यावर.”

सरिता भाकऱ्या थापत होती, तिच्यादेखत बोलले. तू हसलीस. “बघनार कुठं? साडी वर करून?” मीही हसले. हसण्यावारी गेलेली गोष्ट होती, असं मी आता स्वतःला सांगते. पण तू ती खरी धरलीस. धरणारच, कारण मी खरीच बोलले होते. माझ्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत चट्टे आहेत, वने. सरिताचं बोट तव्याला चिकटून सोललंय. आमची चूल कोणी बंद केली नाही. रांधणारी म्हणजे भाजणारच, हे आमच्यासाठी. तुझ्यासाठी मात्र निराळा कायदा. तो कायदा मी केला तो तुझ्या मायेपोटी, असं लोकांना सांगते. खरं म्हणजे माझ्या भीतीपोटी केला. तुझं काही झालं तर लोक मला काय म्हणतील, त्याची भीती.

नाताळच्या सुट्टीत लॉज भरले होते. सकाळपासून रात्रीपर्यंत सुरमई, पापलेट, भाकऱ्या. त्या गर्दीत मला स्वयंपाकघरात वास यायला लागला. माशांच्या खाणावळीत वास आला तर माणूस कुठे बघेल? मोरीत. मी मोरीत ब्लीचिंग पावडर ओतली, काथ्यानं घासली. दुसऱ्या दिवशी परत वास. परत पावडर. तू आपल्या जागेवर टोपाशी बसली होतीस, वर न बघता म्हणालीस, “बाजूच्या लॉजचा गटार तुंबला असंल, काकी.”

मी पदर खोचून त्यांच्या दारात जाऊन भांडून आले. ते बिचारे शपथा घेतायत की गटार साफ आहे, आणि मी म्हणतेय, मला नाक आहे. वने, वास तुझ्या चिघळलेल्या पायाचा, आणि मी त्यांच्याशी भांडले ग. आणि तू मला भांडू दिलंस.

पोटरी ओट्याला लागून असलेल्या भाताच्या शेगडीच्या लोखंडी पायाला टेकली होती. किती वेळ, कोण जाणे. तुला कळलंच नाही, ते कळण्यातलं नव्हतंच. पण घरी वहिनीनं पाय पुसताना चटका बघितला, आणि कुणाला सांगू नको म्हणून तू तिला शपथ घातलीस. ती मला नंतर सगळं बोलली. म्हणाली, “हळद भरून फडका बांधायची मी. ती म्हनायची, काकीला समजला तर मना कांद्यावर बसवंल.” एवढंच बोलली आणि तोंडात पदर घातला. मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी सहा वर्षं तुझ्या मांडीकडे बघत राहिले, वने. पेज पडेल तर मांडीवर पडेल, म्हणून. ओट्याखाली वाकून तुझ्या पायांकडे एकदाही बघितलं नाही. भीती माणसाला जागं ठेवते म्हणतात. मला तिनं भलतीकडे बघायला लावलं.

अलिबागला नेलं तेव्हा तू तापानं फणफणत होतीस. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस झाले. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तुला कॉटवर घेतलं, बाटली लावली, दुपारी जरा शुद्धीवर आलीस आणि माझा हात धरलास. तुझा हात तव्यासारखा तापला होता. म्हणालीस, “काकी, माझी जागा ऱ्हाईल ना?”

मी म्हटलं, “आधी बरी हो.”

एवढंच बोलले. तीन शब्द, आणि त्यातही ‘हो’ होतं, पण ते हो तुला हवं होतं ते नव्हे. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोपलीस. उद्या सांगू, परवा सांगू, जरा धाकात राहू दे, म्हणजे पुढे लपवणार नाही. असा विचार केला मी, त्या खाटेशी बसून. रक्तात विष भिनलंय असं डॉक्टर सांगून गेले होते, तरी मला धाक सुचत होता. तो उद्या आलाच नाही.

तेव्हापासून लोकांची भीती वाटते. एसटी स्टँडवर दोघी बोलत होत्या, मला बघून गप्प झाल्या. कुणी काही म्हणत नाही, आणि न म्हणण्यातच सगळं येतं. सरिता म्हणते, “आई, तो ओटा तोडून टाकू. उद्या दुसरं काही झालं तर पोलीस दारात उभे राहतील.” ती वाईट नाही. तीही घाबरलीय. तू गेलीस त्या दिवशी तिनं भात लावला, तोटी फिरवली, आणि पेज पडायला लागल्यावर तिथेच मटकन बसली.

आणि मंगळवारी नाझनीन आली. तीनचाकी हातानं चालवत, घामाघूम, डोक्यावरची ओढणी मागे गेलेली. तू तिला येऊन जायला सांगितलं होतंस, हे मला माहीतच नव्हतं. काय काय ग लपवायचीस तू!

“वनिताआपानं सांगितलंवतं मला,” ती म्हणाली. “का काकी ओरडतात पन जागा देतात.”

ती तशीच उतारावरून आत आली, तुझ्या ओट्याखाली गुडघे घालून बघितले, टोपाची तोटी दोनदा उघडली, मिटली. “ही डावीकडं पायजे, काकी. मी डावरी हाय.” अजून कामावर ठेवलं नाही आणि ही तोटी फिरवायला निघाली! हुबेहूब तू. विचारलं, “पायांना कळतं का तुला?”

“चालत न्हाय. पन मुंगी चावली तरी कळतं.”

“बरं. सोमवारी ये. सांगते.”

ती गेल्यावर मी ठरवलं होतं, नाही म्हणायचं. तुला खोटं कशाला सांगू? वाक्यसुद्धा जुळवलं होतं, सीझन संपत आलाय, पुढच्या वर्षी बघू.

मग बुधवारी माझंही तसंच झालं. संध्याकाळी पाय धुताना बघते तर उजव्या अंगठ्याच्या बाजूला करवंदाएवढा फोड. भाकऱ्यांचा तवा खाली उतरवून ठेवला होता, त्याला पाय टेकला असणार. मला कळलंच नाही, वने. दहा वर्षं साखर आहे मला, पाय बधिर झालेत, हे कुणाला बोलले नव्हते. तळव्याला फरशी गार लागते की गरम, तेही आताशा कळत नाही.

आणि मी काय केलं माहीत आहे? पहिल्यांदा सरिता कुठे आहे ते बघितलं. मग कापूस लावला आणि वर मोजा चढवला.

गुरुवारी सकाळी सरिता म्हणाली, “आई, मोजे?”

“थंडी आहे.”

“मुरुडला? कसली थंडी?”

तिनं मला पाटावर बसवलं आणि मोजा ओढून काढला. फोड फुटून कापूस चिकटला होता. ती ओरडली, “एवढं झालं आणि बोलला नाहीत? आता चुलीपाशी यायचं नाही. पडवीत बसा, काय ते कांदे सोला.”

तिला बिचारीला कळलंही नाही ती काय बोलली. पाय सडेल, कापावा लागेल, असलं काही माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मनात एकच आलं, ही मला पडवीत बसवणार. उद्यापासून माझ्या स्वयंपाकघरात माझ्या मागून कालवणाला फोडणी पडेल आणि मी कांद्याची सालं गोळा करीन. त्या क्षणी मी सरिताच्या पाया पडायला तयार होते. आणि तेव्हा मला तू कळलीस. मोरीत पावडर ओतताना वर न बघणारी तू, मला गटाराकडे पाठवणारी तू. किती घाबरली असशील ग! आणि त्या घाबरण्यात एकटी. रोज तीच हसरी, रोज भात बरोबर.

आज सकाळी डॉक्टरकडे जाऊन आले. पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. म्हणाले, “आजी, वेळेत आलात.” मी दवाखान्याच्या बाकावर बसून रडले. आलेल्या बायकांना वाटलं, दुखतंय.

तर आता ऐक, काय ठरवलंय. सरिताला मी सांगितलं की ‘चूल बंद, पडवीत कांद्यावर’ हे वाक्य माझ्या खाणावळीत परत कुणी बोलायचं नाही, तिनं मला नाही आणि मी कुणाला नाही. दुपारची जेवणं आटोपली की सगळ्यांनी हातपाय दाखवायचे. मी, ती, भांडी घासणाऱ्या दोघी, सगळ्यांनी. चटका असला तर औषध लावायचं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या जागेवर हजर व्हायचं. सरिता म्हणाली, “सुनेनं सासूला पाय दाखवायचे? लोक काय म्हणतील?” म्हटलं, सणासुदीला पाया पडतेस ना, मग रोज पाय दाखव. हसली. तुझ्यानंतर पहिल्यांदा हसली. गवंड्यालाही निरोप धाडलाय. बुटक्या ओट्याखाली शेगडी आणि पाय यांच्यामध्ये आडवा पत्रा बसवायचा. दोन हातांचं काम आहे, अर्ध्या तासाचं. सहा वर्षांत मला सुचलं नाही. तुलाही सुचलं नाही, तेवढा दोष तू घे.

आणि नाझनीनला हो म्हणणार आहे. आधी माझा पाय तिला दाखवीन, मग हो म्हणीन. तिनं बघितलं पाहिजे की इथे मालकिणीचाही पाय भाजतो आणि मालकीण उभी असते. उभी म्हणजे, आता जरा वेळ बसते मी. गुडघे म्हणतात बस, तर बसते.

भीती गेली असं समजू नको. हे लिहितानाही तोटीतून पेज पडतेय आणि माझे कान तिकडे आहेत. उद्या त्या पोरीला काही झालं तर? मी परत काही बघायची राहिले तर? तुला जे द्यायचं होतं ते तिला देतेय, असं लोक म्हणतील, मला ते आवडणार नाही. तुझं तुलाच द्यायचं होतं. तू विचारलंस तेव्हा द्यायचं होतं. व्हय, वने, ऱ्हाईल. ऱ्हाईल तुझी जागा. बघ, बोलायला किती सोपं होतं.

आता एक कर. नाझनीन डावरी, मी भित्री, आणि सरिताला भाकऱ्यांतून मान वर काढायला फुरसत नाही. त्या पोरीला भाताची तोटी कधी फिरवायची ते सांगणारं कुणी नाही. तू येऊन जा. सोमवारी पहिला दिवस आहे, घाबरेल ती. तुला जमेल तशी ये, मी काही विचारणार नाही, कुठे होतीस म्हणून ओरडणारही नाही. दुपारी बाराच्या सुमारास ये, थोडा वेळ तिच्याजवळ बस. सोमवारी नाही जमलं तर मंगळवारी. पण फार दिवस लावू नको ग. लवकर ये.